घोड्याची टाप

आमच्या गावच्या डोंगराला पुढून पायऱ्या आहेत आणि मागून कडा. पायऱ्यांनी देवाला जाणारे चढतात, कड्यानं दोरवाले. दोघांची गाठ माथ्यावर पडते आणि वर पोचल्यावर दोघंही आधी पाणीच मागतात. दोरवाले पहिल्यांदा आले तेव्हा गावाला वाटलं, जमिनीची मोजणी आली. डोक्यावर हेल्मेट, कमरेला लोखंडी कड्या, खांद्यावर दोराची वेटोळी. लोकांनी त्यांना चहा पाजला आणि आपापल्या बांधाची गाऱ्हाणी सांगितली. मग कळलं की ही पोरंपोरी सोलापूर-पुण्याहून नुसती चढायला येतात. माझी मोठी आई, म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको, कपाळाला हात लावून म्हणाली की एवढ्या पायऱ्या बांधल्यात त्या काय शेळ्यांसाठी.

मी लातूरला शाळेत शिकवते. वर्गात माझा दरारा आहे असं मुलं म्हणतात. घरात त्यालाच तोंडाळपणा म्हणतात. गावी जाताना तेरखेडा मागं पडलं की एसटीच्या डाव्या खिडकीतून डोंगर दिसायला लागतो. वय पन्नाशीच्या पुढं गेलं तरी मी अजून डावी खिडकी धरते, आणि तिथं आधीच कुणी बसलेलं असलं तर तोंड वाकडं करून बसते. उघडाबोडका काळा खडक, मधेमधे पिवळा, आणि माथ्यावर पांढरं देऊळ. पिवळा रंग भंडाऱ्याचा. डोंगरावर खंडोबा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या उधळलेली हळद खडकाच्या भेगांत जाऊन बसली आहे. पावसाळ्यात ती ओहोळाबरोबर खाली येते आणि पायथ्याशी चरणाऱ्या शेळ्यांचे पाय पिवळे होतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांतल्या शेळ्यांचे पाय पिवळे असतात.

ह्या देवाची अंघोळ रोज पायथ्याच्या बारवेतल्या पाण्यानं होते. रोज एक घर, एक घागर. ह्याला आमच्याकडं पाण्याचा मान म्हणतात. ठरलेली घरं आहेत, त्यांचे दिवस ठरलेले आहेत, आणि लग्नात जेवणाची पंगत कुणापासून सुरू करायची इथपासून यात्रेत पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा इथपर्यंत सगळं ह्या मानावर चालतं. घागर तांब्याची लागते. घरच्या बाईनं ती डोक्यावरून न्यायची, अनवाणी. आणि बारवेतून निघाल्यापासून देवापुढं पोचेपर्यंत ती कुठंही टेकवायची नाही. टेकली तर पाणी तिथंच ओतायचं आणि पुन्हा खाली उतरून बारवेपासून सुरुवात करायची. टेकवली आणि लपवली तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडं जातो. शिवाय घरातल्या माणसावर काहीतरी येतं, असंही सांगायचे. काय येतं ते नीट कुणीच सांगायचं नाही, त्यामुळं ते जास्तच भीतीचं वाटायचं.

वर गाभाऱ्याच्या दारात गुरव उभा असतो. तो घागर हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारतो, ‘वाटंत टेकली न्हाय न्हवं?’ बाईनं ‘न्हाय’ म्हणायचं. मग तो पाणी देवावर ओततो.

निम्म्या चढावर, वाटेला लागूनच, छातीइतका उंच एक खडक आहे. वरून सपाट, आणि त्या सपाटीवर भाकरीएवढा गोल गुळगुळीत खळगा. ती देवाच्या घोड्याची टाप. देवानं तिथून घोडा उडवला तो थेट माथ्यावर उतरला, अशी गोष्ट आहे. जाणारा-येणारा त्या खळग्यात चिमूटभर भंडारा टाकतो आणि बोट कपाळाला लावतो. मी सहा-सात वर्षांची असताना मोठ्या आईला विचारलं होतं की घोड्याला चार पाय असतात, मग बाकीच्या तीन टापा कुठं आहेत. तिनं मला पाठीत एक धपाटा घातला. ह्यापेक्षा जास्त माहिती मला पुढंही कधी मिळाली नाही.

मी आठ वर्षांची असताना अण्णा गेले. माझे वडील. श्रावण संपता संपता त्यांना ताप आला, तो डोक्यात गेला, आणि सोलापूरला न्यायची गाडी मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई तिशीचीही नव्हती. तेराव्यानंतर भावकी बसली. बैठकीत मोठी आई म्हणाली की ह्या घरात आता पुरुष नाही आणि पुढंही कुणी होणार नाही, एक पोरगी आहे ती उद्या परक्याच्या घरी जाईल, तर हा मानही आमच्याकडं द्यावा. ती वाईट बाई नव्हती. अण्णांच्या आजारपणात तिनंच आमच्या दोघींची भाकर केली होती. पण मानाचं नाव काढलं की तिचा सूर बदलायचा. आई डोक्यावरचा पदर न सावरता उभी राहिली आणि एवढंच म्हणाली की घागर बाईनंच न्यायची असते, आणि बाई ह्या घरात आहे. मान आमच्याकडं राहिला. त्या दिवसापासून आमच्या दिवशी मोठी आई आपल्या दारात उभी राहून आई निघाल्यापासून वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची.

आमच्या अंगणातून डोंगराची खालची निम्मी वाट दिसते. टापेच्या अलीकडं एक वळण आहे, त्यापुढचं काही दिसत नाही. आमच्या मानाच्या दिवशी मी अंगणात उभी राहून आईची घागर बघायची. उन्हात तांबं लखलखायचं आणि हळूहळू वर सरकत जायचं. माझी आई त्या घरातली एकटीच बाई होती, आणि आमचं त्या गावात जे काही होतं ते तिच्या डोक्यावर होतं. मला तेव्हा हे असं शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळत होतं. घागर वळणाआड गेली की आई परत येताना दिसेपर्यंत मी अंगणातून हलायची नाही.

मी बारा वर्षांची झाले त्या वर्षी, ज्वारीच्या काढणीत आई कडब्याच्या गाडीवरून पडली. उजवा पाय घोट्यात मोडला. शेजारच्या गावचा हाड बसवणारा आला, त्यानं पाय ओढला, बांबूच्या कांबी बांधल्या आणि महिनाभर खाट सोडायची नाही म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी आमचा मान होता. मोठी आई सकाळीच येऊन उंबऱ्यावर बसली आणि काळजीच्या सुरात म्हणाली की आजच्या दिवस माझी सून नेईल, त्यात काय एवढं. आई खाटेवरून म्हणाली की पोरगी नेईल.

पोरगी म्हणजे मी. आईनं मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, “आज तुझ्या डोक्यावर घागर न्हाय, आपलं घर हाय. मान थोडी दुखंल. दुखू दी. पर टेकवू नगंस.”

घरातली लहान घागर होती, पण भरल्यावर लहान राहिली नाही. बारवेच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंत माझे दंड थरथरायला लागले होते. मोठी आई तिच्या दारात उभी होती. मी तिच्यासमोरून ताठ मानेनं गेले, अगदी ऐटीत. तेव्हा सिमेंटच्या पायऱ्या नव्हत्या. खडकात टाचा रोवत चढायचं. पहिल्या चढावर मी आईसारखी चालले. दुसऱ्या चढावर चुंबळ एका बाजूला सरकली आणि घागरीची सगळी ओढ डाव्या बाजूला आली. पाणी कानामागून पाठीत उतरत होतं. वळण आलं. वळणापुढं मी कुणाला दिसत नव्हते, हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि तिथंच माझं बळ संपलं. समोर टापेचा खडक होता, बरोबर माझ्या छातीइतका उंच. मी घागर त्यावर ठेवली.

एक गोष्ट सांगायला हवी. तांब्याची घागर बुडाला गोल असते. ती घरातल्या सारवलेल्या जमिनीवरसुद्धा नीट बसत नाही, खाली चुंबळ ठेवावी लागते. त्या खडकावर मात्र ती बसली. मी हात काढून घेतले तरी हलली नाही, कलली नाही, थेंबभरही सांडली नाही. मला वाटलं, देवानं ती धरली. मी टेकवली ते त्यानं बघितलं आणि पुरावा म्हणून धरून ठेवली. पाणी ओतून पुन्हा खाली जायचं म्हणजे मोठ्या आईच्या दारासमोरून रिकामी घागर घेऊन जायचं. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी चुंबळ नीट केली, गुडघ्यात वाकले, घागर पुन्हा डोक्यावर घेतली आणि वर गेले.

देवळापाशी बुडाला हात लावला तर हात पिवळा झाला. टापेतला भंडारा बुडाला लागला होता. मी तो परकरानं पुसला. गुरवानं विचारलं, ‘वाटंत टेकली न्हाय न्हवं?’ मी न्हाय म्हणाले. त्यानं माझ्या परकराकडं बघितलं, घागरीकडं बघितलं, आणि पाणी देवावर ओतलं. मग मला खोबऱ्याची एक वाटी जास्तीची दिली. ते खोबरं मी खाल्लं नाही, उतरताना एका शेळीला घातलं.

आईचा पाय वाकडा बसला. कांबी सोडल्या तेव्हा टाच बाहेर वळली होती. त्या दिवसापासून ती लंगडते. त्याच पायानं ती आमच्या मानाच्या दर दिवशी डोंगर चढत राहिली, आणि मी दर वेळी अंगणात उभी राहून तांब्याचा तो ठिपका डावीउजवीकडं झुलत वर जाताना बघत राहिले. तो झुलायचा तो माझ्यामुळं, असं मी धरून चालले होते. मी कुणाला सांगितलं नाही. लग्न झालं, लातूरला गेले, नोकरी लागली, दोन मुलं झाली, त्यांना मी खोटं बोलायचं नाही म्हणून बडवलं. भूकंप झाला तेव्हा सास्तूरकडं गावंच्या गावं पडली आणि आमच्याकडं फक्त भिंतींना तडे गेले. मोठी आई सगळ्यांना सांगत सुटली की आपल्या गावची घागर कधी टेकली नाही म्हणून देवानं सांभाळलं. मी तिथंच बसले होते. मला त्या बोलण्याचा इतका राग आला की मी उठून निघून गेले, आणि राग नेमका कुणाचा आला ते मलाही सांगता आलं नसतं.

गेल्या मार्गशीर्षात आईचा फोन आला. ती आता पंचाहत्तरीला टेकली आहे. दोन वर्षं तिला गुडघ्यांनी चढू दिलं नव्हतं आणि मोठ्या आईची नातसून आमच्या वतीनं घागर नेत होती. आई म्हणाली की हे उसनं किती दिवस चालवायचं, यंदा मान रीतसर त्यांच्याकडं देऊन टाकायचा. फक्त शेवटची घागर आपल्या घरची जावी. लग्न झालेल्या लेकीनं न्यावी का, हे गावात विचारलं तर पूर्वी गोंधळ झाला असता. आता माथ्यावर मोटारीनं पाणी चढतं, टाकी आहे, तोट्या आहेत. देवाची एक घागर सोडली तर कुणी फार विचारत नाही. मी रजा टाकली आणि आले.

खरं सांगते, मी हे देवासाठी केलं नाही. मला ती एक घागर परत न्यायची होती. ह्या खेपेला न टेकवता.

सकाळी आईनं घागर चिंचेनं घासून ठेवली होती. तीच लहान घागर. मी ती भरून डोक्यावर घेतली आणि पहिल्या वीस पायऱ्यांतच कळलं की शाळेतला दरारा इथं उपयोगाचा नाही. सिमेंटच्या पायऱ्या खडकापेक्षा वाईट, एकसारख्या उंचीच्या, गुडघ्याला जराही उसंत देत नाहीत. रविवार होता. यळकोट यळकोट करत लोक माझ्या पुढून जात होते, घागर बघून बाजूला होत होते, आणि एकदोघांनी माझे फोटोही काढले. वळणापर्यंत येईस्तोवर माझा श्वास आत जातोय की बाहेर येतोय तेच कळेना.

टापेच्या खडकाजवळ एक मुलगी बसली होती. दोरवाली. मागच्या कड्यानं चढून ह्या वाटेनं उतरत असावी. बोटं पांढऱ्या भुकटीनं माखलेली, कमरेच्या पट्ट्याला कड्या लटकत होत्या. तिनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि चटकन उठली. म्हणाली, “काकू, ठेवा ना घागर जरा. ही जागा आहे की घागरीसाठी.”

तिनं टापेकडं बोट केलं होतं. मी धापा टाकत तिला खडसावलं की ती जागा नव्हे, देवाच्या घोड्याची टाप आहे. मुलगी ओशाळली. सॉरी म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली की तिच्या आजोळी आडाच्या काठावर अगदी असेच खळगे आहेत, बायकांनी घागरी ठेवून ठेवून पडलेले, म्हणून तिला तसं वाटलं. बोलायला दम नव्हता, आणि असता तर मी आणखी काहीतरी लागट बोलले असते. मी तशीच पुढं निघाले.

कशी पोचले ते विचारू नका. मध्ये दोनदा थांबले, पण उभ्यानं, घागर डोक्यावर ठेवून. गाभाऱ्यात आता जुन्या गुरवाचा मुलगा आहे. एका हातानं मोबाइल कानाला धरून त्यानं मला विचारलं, ‘वाटंत टेकली न्हाय न्हवं?’ मी न्हाय म्हणाले. खरंच टेकली नव्हती. त्यानं पाणी ओतलं. मी वाट बघत राहिले की आता आत काहीतरी हलकं होईल. काही झालं नाही. फक्त मान दुखत होती.

उतरताना टापेपाशी थांबले. मुलगी गेली होती. रिकामी घागर माझ्या काखेत होती. मागंपुढं कुणी नाही असं बघून मी ती खळग्यात ठेवली. चाळीस वर्षांपूर्वी बसली होती तशीच बसली. मी खळग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. सगळीकडून सारखी गुळगुळीत होती. घोडा उडी मारतो तेव्हा असं होत नसावं. पण तेवढ्यात खालून एक कुटुंब वर यायला लागलं आणि मी घागर उचलून घाईनं उतरले.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. घागर उतरवून ठेवली आणि मी तिच्यासमोर बसले. तिनं विचारलं, कशी गेली. मी म्हणाले, आज नीट गेली. आणि मग बाराव्या वर्षीचं सगळं सांगून टाकलं. वळण, टाप, परकर, गुरव, खोबरं. तिच्या पायाचंही सांगितलं.

आई शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली की पाय त्या हाड बसवणाऱ्यानं वाकडा बसवला, त्याला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, सगळ्या गावाला माहीत आहे. बारा वर्षांच्या लेकराचा देव एवढा राग धरत नसतो. हे ती सरळ सपाट बोलली. मग तिचे हात थांबले.

“पर म्या टेकवली त्येचं काय,” ती म्हणाली.

मला कळेना. ती माझ्याकडं न बघता बोलत होती. अण्णा गेले त्या वर्षी, आषाढातल्या मानाला, चढताना तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. घागर डोक्यावर ठेवून काटा काढता येईना. टापेवर टेकवली, काटा काढला, पुन्हा उचलली आणि वर जाऊन न्हाय म्हणाली. पुढच्या महिन्यात अण्णांना ताप आला. “त्या दिसापास्नं एक डाव बी टेकवली न्हाय. मोडक्या पायानं बी न्हाय. गेलेलं माणूस काय परत येत नसतंय, पर म्हटलं आता तरी नगं.”

मला रडू आलं आणि रागही आला. माझ्याबरोबर एकाच भाकरीतली भाकर खाणारी ही बाई पंचेचाळीस वर्षं स्वतःला नवऱ्याची मारेकरीण समजत होती आणि मी अंगणात उभी राहून तिच्या घागरीकडं बघत होते. दोघींनी एकमेकींना एक शब्द सांगितला नव्हता. कसंतरी बोलायचं म्हणून मी तिला त्या दोरवाल्या मुलीचं सांगितलं. तिच्या आजोळचा आड, काठावरचे खळगे, घागरी ठेवून ठेवून पडलेले.

आईनं मान वर केली. डोंगराकडं बघितलं. इथून टाप दिसत नाही, पण ती तिकडंच बघत होती. “एवढा खळगा,” ती सावकाश म्हणाली, “तुझ्या-माझ्या दोन घागरींनी पडला व्हय?”

ती उठली. मांडीवरचे दाणे जमिनीवर सांडले, तिनं बघितलं नाही. मान द्यायला घागर घेऊन मोठ्या आईकडं संध्याकाळी जायचं ठरलं होतं. ती आत्ताच निघाली, घागर काखेत मारून, लंगडत. मी मागून गेले.

मोठी आई ओट्यावर उन्हात बसली होती. आता नव्वदीची झाली आहे, डोळे अधू आहेत, कान मात्र शाबूत. आत सुना भाकरी करत होत्या. आईनं घागर तिच्या पुढ्यात ठेवली, पण मानाचं काहीच बोलली नाही. ओट्याच्या पायरीवर टेकली आणि विचारलं, “अक्का, तुमी कवा घागर टेकवली व्हती का वो? टापंवर?”

ह्या दोघींमध्ये असा प्रश्न कधी निघाला नव्हता. मला वाटलं, आता पुन्हा धपाटा येतो. मोठ्या आईनं आधी आतल्या दाराकडं बघितलं. मग हात लांब करून आईचा गुडघा चाचपला आणि त्यावर हात ठेवला.

“हळू बोल,” ती म्हणाली. “सुना ऐकतील.”

आई हसायला लागली. मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, निदान अण्णांनंतर तर नाहीच. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि मग तो डोळ्यांना लावला. मोठी आईही हसली, दात नसलेल्या तोंडानं, आवाज न करता. मग तिनं हळूच सांगितलं की तिच्या सासूला, म्हणजे माझ्या आजीला, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी टेकवताना बघितलं होतं, आणि तिला वाटलं होतं की हे आपल्याच घरचं पाप आहे, म्हणून ती जन्मभर मानाच्या बाबतीत इतकी कडक राहिली. बाकी बायकांचं तिला माहीत नव्हतं. कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

घरी परत येताना आई माझ्या हाताला धरून चालत होती. आमच्या दारात ती थांबली.

“मंग तुझं अण्णा तापानंच गेलं,” ती म्हणाली.

मी हो म्हणाले. ती अंगणात गेली आणि सांडलेले दाणे वेचायला बसली.

दुसऱ्या दिवशी मान मोठ्या आईच्या घरचा होता, त्यांच्या स्वतःच्या पाळीचा. नातसून सकाळी उन्हं आल्यावर घागर घेऊन निघाली. आम्ही तिघी ओट्यावर बसून तांब्याचा ठिपका वर जाताना बघत होतो, तो वळणाआड जाईपर्यंत. तासाभरानं ती उतरून आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल, लग्नाला दोनच वर्षं झालेली. घामानं भिजली होती, आणि पदराच्या टोकाला पिवळा डाग होता, भाकरीएवढा. आमचे डोळे तिथं गेलेले बघून तिनं पदर मुठीत धरला आणि तिचं तोंड उतरलं. ते तोंड मला ओळखीचं होतं.

मोठी आई डोळे बारीक करून म्हणाली, “भंडारा लागला व्हय? लागतो. धुऊन टाक.”

आई उठली, नातसुनेच्या काखेतली रिकामी घागर आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, “आन् वाटंत दम खात जा गं बाई. कुणी विचारत न्हाय.”